हलगी कुणाच्या हुकमावर?

युवक महोत्सव जवळ आला की आपल्या पोरांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा सगळा प्रस्थापितांचा तमाशा आहे, आपण तिकडं फिरकायचं नाही. दुसऱ्या तटातली पोरं हलगी, घुंगरू, फेटे घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेली असतात. पहिल्यांना दुसरे विकले गेलेले वाटतात. दुसऱ्यांना पहिले नुसते भाषणबाज वाटतात. मला दोघांशीही भांडायचंय.

पहिल्या तटाशी भांडण असं, की तुम्ही 'तमाशा' हा शब्द शिवीसारखा वापरता. ही शिवी आपली नाही. ती वाड्यावरून आलीय. ज्यांनी आपल्या बायांना नाचवलं आणि सकाळी उठून नाकं मुरडली, त्यांची ती जीभ आहे. दुसऱ्या तटाशी भांडण असं, की बक्षिसाचा चषक घेऊन तुम्ही वस्तीत येता, त्यावर कॉलेजचं नाव असतं, प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटात तो बसतो. तुमच्या हातात काय राहतं? हाताला पडलेले घट्टे.

मुद्दा एकच आहे. लोककला चांगली की वाईट, हा आपला प्रश्न कधीच नव्हता. कुणाच्या हुकमावर वाजवायचं, कुणासाठी वाजवायचं आणि वाजवताना तोंड उघडायचं की मिटायचं, हा आपला प्रश्न आहे. आपल्या बापजाद्यांनी तो विचारला होता. कॅम्पसवर आल्यावर आपण तो विसरू लागलोय.

आधी जागा बघा. नांदेडला विष्णुपुरीच्या माळावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं आहे. आवाराचं नाव ज्ञानतीर्थ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याखाली. लातूरला उपकेंद्र. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला झालं. पण त्याची कथा तिथून सुरू होत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. म्हणजे पेटवला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. किती वस्त्या जळाल्या, किती माणसं रातोरात शहराकडं पळाली, ते घराघरांत ठाऊक आहे. पुढं सोळा वर्षं मोर्चे, लाठ्या, तुरुंग. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ ला नामांतराच्या ऐवजी नामविस्तार आला, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यापीठातून नांदेडचं वेगळं निघालं.

स्वामीजींशी आपलं भांडण नाही. निजामाविरुद्धचा त्यांचा लढा खरा होता. पण या आवारात जो कुणी 'संस्कृती' हा शब्द माइकवर उच्चारतो, त्याला हे माहीत पाहिजे, की या जमिनीखाली राख आहे. तिच्यावर नाचायला आपली ना नाही. राखेचं नाव घ्यायला मनाई असेल, तर मात्र आहे.

आता यादी बघा. देशभरातल्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवाचा साचा दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाचा. संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललितकला असे पाच गट. त्यात शास्त्रीय गायन आहे, सुगम आहे, पाश्चात्त्य गायनसुद्धा आहे. जलसा नाही. पोवाडा नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आपापल्या पातळीवर लावणी, पोवाडा, भारूड अशी भर घातली, कुठं जलसाही आला, हे चांगलंच झालं. पण दिल्लीच्या यादीत जे नाही, ते पुढच्या फेरीला जात नाही. जिल्ह्यात कौतुक, वर कुलूप.

त्याहून बारीक गोष्ट सांगतो. शास्त्रीय तालवाद्याला एकल स्पर्धा आहे. तबला, पखवाज, मृदंग वाजवणाऱ्या पोराचं एकट्याचं नाव पुकारतात, परीक्षक एकट्याचं ऐकतात, प्रमाणपत्रावर एकट्याचं नाव येतं. हलगीला ही सोय नाही. हलगी लोकवाद्यवृंदात, घोळक्यात. नाहीतर नाचणाऱ्याच्या मागं, अंधारात. मंचामागं कागद पेटवून हलगी शेकणारं पोर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्याचं नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? तबल्यालाही चामडंच, हलगीलाही चामडंच. चामडं कमावणाराही एकच. फरक एवढाच, की एकाच्या मागं घराणं लागलं आणि दुसऱ्याच्या मागं जात.

तिसरी गोष्ट नियमाची. प्रहसनाच्या स्पर्धेत, दहा मिनिटांच्या त्या खेळात, अश्लीलता नको हे ठीक. पण बोचरे टोमणेही नकोत, फक्त निरागस उपहास, निरागस विनोद अपेक्षित, असा नियम आहे. निरागस! दोस्तहो, या शब्दावर जरा थांबा. महात्मा फुल्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, त्याच्या पोटातून सत्यशोधक जलसे निघाले. त्या जलशातला भट आणि सावकार निरागस विनोदानं रंगवला होता का? पाणवठ्यावर जे भोगलं, देवळाच्या पायरीवर जे भोगलं, त्याचा उपहास निरागस कसा असेल? निरागस विनोद त्यालाच परवडतो ज्याच्या अंगावर कधी काही आलेलं नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिकत होतो. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची कॉलेजं सुटल्यासारखी होतील. आम्ही सहा जणांनी एक प्रहसन बसवलं होतं. गावात टँकर येतो आणि त्याच्या दोन रांगा लागतात, एवढीच गोष्ट. लातूरच्या माणसाला टँकर समजावून सांगावा लागत नाही, रांगाही नाही. रंगीत तालमीला सांस्कृतिक विभागाचे सर आले. हसले, खूश झाले. म्हणाले, "लय भारी करलालाव रे पोरांनो. फक्त ते दुसऱ्या रांगेचं तेवढं काढा."

आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, मग त्यात उरलं काय?"

"विनोद उरला की! टँकर आहे, बादल्या आहेत, भांडण आहे. लोक हसतेत."

मी प्रवेशिकेवरचं माझं नाव काढून घेतलं. बाकीच्यांनी एका रांगेचं प्रहसन केलं. लोक हसले. सर वाईट माणूस नव्हते. आमच्या चहाचे पैसे तेच द्यायचे. म्हणूनच सांगतोय. माणूस चांगला असला तरी साचा आपलं काम करतो. तो आपली बोली घेतो, आपले हातवारे घेतो, आपली बादली घेतो आणि दुसरी रांग तेवढी काढून टाकतो.

काही जण म्हणतील, तुम्ही सगळीकडं जातच बघता. नाचू द्या की पोरांना, वय आहे. नाचू द्या, माझं काय जातंय. पण आपल्या चळवळीनं नाच-गाण्याकडं कसं बघितलं ते एकदा नीट ऐका, मग बोला.

हलगी वाजवणं, दवंडी देणं, मेलेली ढोरं ओढणं ही बलुत्यातली कामं. ती कला म्हणून नव्हती, हुकूम म्हणून होती. पाटलाच्या घरी लग्न असो की मयत, वाजवायला जायचंच. बाबासाहेबांनी सांगितलं, ही कामं टाका. आपल्या आज्यांनी टाकली. टाकली म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडले, धान्य बंद झालं, वाट बंद झाली. हलगी टाकणं हा त्या काळचा सत्याग्रहच होता. आणि पठ्ठे बापूरावांची गोष्ट सांगतात ती आठवा. लावणीचा हा मोठा शाहीर, जन्मानं ब्राह्मण. त्यांच्या फडात महारणी नाचायच्या. चळवळीला ते पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी घेतले नाहीत. आमच्या बायांना नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीला नको, हा त्यातला अर्थ. चळवळीला तेव्हा पैशाची चणचण होती, तरी नाही.

पण त्याच चळवळीनं जलसा उचलला हेही तितकंच खरं. १९३० च्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरला. अंग तमाशाचं, ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. आत्मा मात्र बदललेला. पुढं वामनदादा कर्डकांनी, २००४ ला जाईपर्यंत, आयुष्यभर गाणंच केलं. तिकडं तमाशावर सरकारी बंदी आली, तर अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हणून कामगारांपुढं उभं केलं. म्हणजे आपल्या माणसांनी एका हातानं हलगी टाकली आणि दुसऱ्या हातानं ढोलकी उचलली. यात विसंगती बिलकूल नाही. टाकला तो हुकूम. उचलली ती वाणी.

आता युवक महोत्सवाकडं बघा. तिथं नेमकं उलटं होतं. वाणी काढून घेतात आणि हुकूम परत देतात. पाटलाच्या जागी परीक्षक बसतो, बलुत्याच्या जागी चषक येतो. आजोबानं ज्या पोशाखावर थुंकून गाव सोडलं, तोच पोशाख भाड्यानं आणून नातू अंगावर चढवतो, पोतराज होतो, कोरडे ओढून घेतो आणि टाळ्या घेतो. पोतराज का झाला, कुणी केला, त्याच्या लेकरांनी शाळा का सोडली, हे त्या दहा मिनिटांत कुणी विचारत नाही. विचारलं तर वेळ संपल्याची घंटा.

इथं आपल्याच माणसांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. आपण महारांनी हलगी टाकली, पण मातंग भावांच्या हातात ती राहिली, पोटासाठी राहिली. आज कॉलेजात मातंग पोरगा हलगी वाजवतो तेव्हा आपली काही शहाणी पोरं नाक मुरडतात. हा कुठला आंबेडकरवाद? त्याच्या हलगीला हुकमातून सोडवायचं सोडून त्यालाच हलका मानता? १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं होतं, हे भिंतीवर लिहून ठेवा. हलगीवाला आणि भाषणवाला एका मंचावर आले नाहीत, तर प्रस्थापितांना आपल्याला तोडायला काही करावंच लागणार नाही.

कॅम्पसवर आपल्या कलेला जागाच नसते असं म्हणून रडत बसू नका. जागा केली की होते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथं १९५५ ला म. भि. चिटणिसांचं 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी केलं, बाबासाहेबांच्या समोर. पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपुरात झालं. कॉलेजच्या गॅदरिंगमधलं नाटक धर्मांतराच्या जनसागरापुढं गेलं! याच नागसेनवनाच्या मातीतून १९६७-६८ च्या सुमाराला गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' उगवलं. आणि नांदेडला म्हणाल, तर पीपल्स कॉलेजात शिकवता शिकवता दत्ता भगतांनी 'आवर्त' लिहिलं, 'वाटा-पळवाटा' लिहिलं. 'वाटा-पळवाटा'त आपल्याच चळवळीतली भांडणं त्यांनी मंचावर मांडली, कुणाला खूश करायला नाही. गॅदरिंग तेव्हाही होतीच. फरक असा, की त्या माणसांनी गॅदरिंगला आपला विषय दिला. गॅदरिंगनं दिलेला विषय घेतला नाही.

आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले, आता वातावरण कडक आहे. खरंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या नाटकात विद्यार्थी परिषदेच्या लोकांनी गोंधळ घातला. रामलीलेच्या पडद्यामागच्या नटांवरचं नाटक. भावना दुखावल्या म्हणून अटक कुणाला झाली? विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. म्हणजे निरागस विनोदसुद्धा आता पुरेसा निरागस राहिला नाही. पण आपल्याला हे नवं नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका तरुणाला मारून टाकलं. नर्सिंग शिकणारा पोरगा. मोबाइलवर वाजणारं बाबासाहेबांचं गाणं हे कारण. एका गाण्याची ही किंमत. जे गाणं ऐकून मारेकरी खवळतो, त्यात काहीतरी दम असणार. आणि जे गाणं ऐकून सगळे परीक्षक माना डोलावतात, त्यातला दम कुठं गेला, हे आपण तपासायला नको का?

तपासताना स्वतःच्या अंगणातही बघा. जयंतीला आपण काय वाजवतो? भिंतीएवढे डीजे लावतो. कानठळ्या बसतात, शब्द ऐकू येत नाही. वामनदादांना माइक नसला तरी वस्ती ऐकायची. कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि महाराष्ट्र थांबून ऐकतो. आपण मात्र लाखाचा डीजे आणून शाहिराला घरी बसवतो. प्रस्थापितांनी आपली वाणी दहा मिनिटांच्या घंटेनं मारली, आपण ती आवाजानं मारतोय. दोन्हीचा परिणाम एकच, शब्द गेला.

मग करायचं काय? बहिष्कार? नाही. महोत्सव आपल्याही फीच्या पैशातून होतो. आपण का सोडायचा? माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली. आत जा, पण साचा मोडायला जा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे. त्याला लेखी मागणी द्या, पोच घ्या. हलगीला एकल स्पर्धा द्या. जलसा जिथं यादीत नाही तिथं घाला, जिथं आहे तिथं त्याला घंटा नको, पुरा वेळ द्या. परीक्षकांत एक तरी शाहीर बसवा, ज्यानं आयुष्य वस्तीत गाऊन काढलंय. पदवी नसेल त्याच्याकडं, नसू द्या. अण्णाभाऊंकडं कुठं होती? आणि निरागसपणाच्या नियमाविरुद्ध सह्या गोळा करा. नकार आला तर तोही लेखी मागा. तोंडी नकार हवेत जातो, लेखी नकाराचं पोस्टर होतं.

दुसरी. त्यांच्या मंचाशेजारी आपला मंच घाला. एप्रिल २०२२ ला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कॉलेजच्या आवारात ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. तिकडं सरकारी निधी, इकडं लोकांनी दिलेलं मूठभर धान्य आणि रुपया-रुपया. गाव एकच, मंच दोन. कुठं काय बोललं जातं ते लोकांना आपोआप कळलं. हे उदगीरला होऊ शकतं, तर अहमदपूरला, देगलूरला, किनवटला का होऊ नये?

तिसरी गोष्ट तारखेची. २०१५ पासून २६ नोव्हेंबरला देशभर संविधान दिन होतो. प्रत्येक कॉलेजात प्रास्ताविका वाचतात. हात पुढं करून, रांगेत उभं राहून, पाच मिनिटांत. त्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, गौतम वाघमारे गेले. हा योगायोग फुकट घालवू नका. २५ च्या रात्री प्रत्येक कॉलेजच्या फाटकाबाहेर, नाहीतर जवळच्या वस्तीत, जलसा करा. परीक्षक नाही, चषक नाही, क्रमांक नाही. मातंग पोरानं हलगी शेकावी, बौद्ध पोरीनं माइक घ्यावा, वडार, कैकाडी, लमाण पोरांनी आपापल्या बोलीत सवाल टाकावेत. टँकरच्या दोन्ही रांगा मंचावर येऊ द्या. पहाटेपर्यंत चालू द्या. आणि सकाळी तीच पोरं, तोच घसा घेऊन, कॉलेजात प्रास्ताविका वाचायला जाऊ द्या. मग बघा त्यातला 'बंधुता' हा शब्द कसा वाजतो ते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. गौतम वाघमारेंचं नाव घेऊन कुणी जळण्याची भाषा करू नका. चळवळीनं पुष्कळ जाळून घेतलं, दुसऱ्यांनीही पुष्कळ जाळलं. आता आपल्याला गाणारी माणसं जिवंत पाहिजेत, म्हातारी होईपर्यंत पाहिजेत, वामनदादांसारखी ऐंशी वर्षं पाहिजेत.

आणि जे पोर आत्ता मंचामागं बसून कागदाच्या जाळावर हलगी शेकत असेल, त्याच्याजवळ जा. त्याला नाव विचारा, गाव विचारा. मग हेही विचारा, की बाबा, तुला काय वाजवायचंय? तुला, सरांना नव्हे. आजवर त्याला हे कुणी विचारलेलं नसेल. तो लगेच उत्तर देणार नाही. थांबा. उत्तर येईल. ते आलं की आपला जलसा सुरू झाला असं समजा.

जय भीम.